बेटावरचं गणित

आई, मी शिक्षिका झाले. तू गेलीस तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच कायम झाले होते. तुला कोण आनंद झाला होता. आवडी गावातल्या आपल्या क्वार्टर्समध्ये घरोघरी जाऊन सांगून आली होतीस, तुझ्या त्या सातारी हेलाच्या तमिळमध्ये. मी शिक्षिका होऊ नये असं तू मला शाळेत असल्यापासून बजावत होतीस. ओट्यावर एकीकडे कुकर, दुसरीकडे तपासायच्या वह्यांचा गठ्ठा, आणि तू उभ्या उभ्याच लाल पेनाने खुणा करते आहेस. ही शाळा बघ, अशी घरापर्यंत मागे येते, तू म्हणायचीस. तू अशी नोकरी कर जी संध्याकाळी दाराबाहेर राहील. मी तशीच केली, बारा-तेरा वर्षं. ती दाराबाहेर राहायची खरी, पण हळूहळू कळलं की दिवसाही ती माझ्या आत कुठे शिरतच नव्हती.

तिथे नव्याने लागलेल्या मुलामुलींना शिकवायचं काम अधूनमधून माझ्याकडे येई. तेवढे दिवस मी डबा खायचं विसरायचे. एकदा एक मुलगी जाता जाता म्हणाली, कॉलेजात चार वर्षांत जे कळलं नाही ते आज कळलं. वेस्ट मांबलमला लोकलमधून उतरून घरापर्यंत चालताना मी तेच वाक्य घोळवत होते. त्या वर्षी राजीनामा दिला. तिसऱ्या दिवशी बी.एड.चा फॉर्म नवऱ्यानेच आणला. अडतिसाव्या वर्षी मी बाविशीच्या मुलींच्या शेजारी बाकावर बसले. मग इथल्याच एका शाळेत गणित शिकवलं, आणि लेक कॉलेजला गेल्यावर मालदीवच्या एका बेटावरची नोकरी धरली. तिथे भारतातून गेलेले शिक्षक पुष्कळ. बेट एवढंसं, की शाळेतून निघालं की दहा मिनिटांत पुन्हा समुद्र लागतो.

तिथे पहिल्याच सत्रात माझ्या हातून एक चूक झाली, आणि तुला लिहायला बसले ती त्यासाठीच. आठवीच्या वर्गात मी एक गणित घातलं: एक होडी अमुक वेगाने शेजारच्या बेटावर जाते आणि त्याच वाटेने परत येते, तर एकूण वेळ किती? एका मुलीने, तिचे वडील होडी चालवतात, जाण्याचा वेळ बरोबर काढला आणि परतीचा जवळजवळ दीडपट लिहिला. मी सगळ्यांसमोर तिची वही उंच धरली. म्हटलं, हे काय, गोष्ट लिहिलीस का? गणितात मनाचं घालायचं नसतं. वर्ग हसला. ती खाली बसली ती बसलीच. त्यानंतर तिने हात वर केला नाही, आणि तिच्या मागोमाग बाकीच्यांनीही. मी विचारायचे, ते फळ्याकडे बघायचे. दोन महिन्यांत मला वाटायला लागलं की ऑफिसच बरं होतं. एका सुट्टीच्या शुक्रवारी मुख्याध्यापकांना द्यायचं पत्रही लिहून ठेवलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी औषधं आणायला मी शेजारच्या बेटावर गेले. जाताना पाऊण तास लागला. येताना तासाच्या वर होऊन गेला तरी किनारा दिसेना. मी होडीवाल्याला विचारलं, इंजिन बिघडलं का? तो म्हणाला, या महिन्यांत पाणी समोरून येतं, परतीला वेळ लागतोच. त्याने हे अगदी सहज सांगितलं, लहान मुलालाही ठाऊक असतं तसं. मला तिच्या वहीतला तो दीडपट वेळ आठवला.

तेव्हा तू आठवलीस. मी आठवीत, तुझ्याच वर्गात. एका मुलीने वही आणली नाही म्हणून तू तिला तासभर बाहेर उभं केलंस, आणि तिची वही स्टाफरूममध्ये तुझ्याच गठ्ठ्यात निघाली. दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांसमोर तिला म्हणालीस, "तप्पु एन् मेलदान." चूक माझीच. पोरं एकमेकांकडे बघून हसली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी आल्यावर मी तुझ्याशी भांडले, की एकटीला बोलावून सांगायचं होतंस, सगळ्यांसमोर कशाला? तू भात उकरत होतीस. मागे न बघता म्हणालीस, "बाहेर काढलं तेव्हा सगळ्यांसमोरच काढलं होतं ना?"

शाळा उघडल्यावर मी तेच गणित पुन्हा फळ्यावर लिहिलं. म्हटलं, पुस्तकातलं पाणी थांबलेलं आहे, तुमच्या समुद्रातलं वाहतं. हे मला माहीत नव्हतं, हिला माहीत होतं, आणि मी हिला हसले. चूक माझी. मी खडू तिच्यापुढे धरला. ती उठली, फळ्यापाशी आली, पाण्याचा वेग किती धरायचा ते तिने मलाच विचारलं. मी म्हटलं, तू सांग. तिने आकडा लिहिला, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, एवढा नसतो. पुढचा अर्धा तास माझं कुणी ऐकलंच नाही. ते आपसात भांडत होते आणि मी बाजूला उभी होते. ते राजीनाम्याचं पत्र मी त्याच संध्याकाळी फाडलं.

तिथे तीन वर्षं राहिले. ती मुलगी आता राजधानीत पुढचं शिकते आहे, मला अधूनमधून कठीण गणितं पाठवते आणि दोन दिवस मुद्दाम उत्तर सांगत नाही. मी परत आले, आणि आता पुन्हा निघाले आहे, दुसऱ्या बेटावर. या वेळी नवराही येतो आहे. मासे ताजे मिळतील, म्हणतो.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही, कपाटात ठेवून जाईन. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, या वयात परत का यायचंय? मी अनुभवाबद्दल, मुलांच्या भवितव्याबद्दल बरंच चांगलं बोलले. खरं सांगायचं तर कारण एवढंच आहे, की तिथे सकाळी उठल्यावर मला शाळेत जायची घाई होते.