कामरेजहून परत आणलेली बरणी

बाई, इतक्या उशिरा लिहितोय, माफ करा. चौथीत शाळा सुटलेल्या माझ्यासारख्या विणकराला तुम्ही स्वयंपाकघरात बसवून शुभवर्तमान वाचायला शिकवलंत, आणि तुम्हांला पहिलं पत्र लिहितोय ते तुम्ही प्रभूकडे गेल्यावर वीस वर्षांनी. वेलांट्या चुकतील, रागावू नका.

प्लेगला भिऊन पळालेले कारागीर सुरतेत परतले, त्याच्या पुढच्या वर्षीचं आठवतंय. कडोदऱ्याच्या कारखान्यात माझ्या मागावर ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला. मी गप्पांत होतो, माग तसाच चालू ठेवला, कापडाच्या अख्ख्या ताक्यात रेघ पडली. शेठने विचारलं तेव्हा म्हणालो, दुसऱ्या पाळीत झालं. दुसऱ्या पाळीचा विणकर आमच्या नवापूरकडचाच. त्याला त्याच दिवशी काढलं. बायको-पोरांना घेऊन तो कामरेजला उसाच्या शेतात मजुरीला लागला.

पुढे दर रविवारी प्रार्थनेत मी रडायचो. लोक म्हणायचे, याला खरा पश्चात्ताप झालाय. मलाही तसंच वाटायला लागलं. शेवटी तुमच्या ओट्यापाशी सगळं सांगितलं. तुम्ही पोळ्या लाटत होता, लाटणं थांबलं नाही.

"धागा तुटलेला उशिरा दिसला तर काय करतोस रे?"

"तिथपर्यंतचं उकलतो, धागा बांधतो, मग पुढे विणतो."

"आणि नुसता मागाजवळ रडत बसलास तर?"

तुम्ही पोळी तव्यावर टाकलीत.

"प्रभू माफ करतो, त्याची काळजी तू नको करूस. पण पश्चात्ताप म्हणजे मागे फिरणं. तू अजून जागचा हललेला नाहीस. आधी कामरेजला जा. मग शेठकडे."

पुढच्या रविवारी तुम्ही विचारता, "गेलास?" मी म्हणतो, "जाऊन आलो. बरा आहे तो." खरं तर मी कडोदऱ्याच्या नाक्यावरूनच परतलो होतो. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे पाहता. मग फळीवरची लिंबाच्या लोणच्याची बरणी माझ्या हातात देता. "पुन्हा जाशील तेव्हा त्याच्या बायकोला दे. रिकामी बरणी मात्र परत आण."

आता तुमच्या हातचं लोणचं वाटेत टाकून बरणी कशी रिकामी करणार? गेलो. तो कोयता घेऊन बांधावर उभा. "बोल भाऊ, आता काय माझ्या नावावर घालायचंय?" मी सगळं सांगितलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही. त्याच्या बायकोने लोणचं काढून घेतलं, बरणी धुऊन दिली. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर शेठला सांगितलं. शेठने त्याला परत घेतलं, मला काढलं. तीन महिने मी तुमच्याकडे जेवलो. पण इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि ते तुमच्यामुळे.

बरणी तुम्ही उजेडात धरून पाहिलीत, फळीवर ठेवलीत. त्या रविवारी खोटं बोललो होतो, हे मी तुम्हांला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आज सांगतोय. तुम्हांला ठाऊक होतं ना? असणारच. तरी जीव टांगलेला राहतो, बाई. तुमचा पत्ता नाही, म्हणून हा कागद तुम्ही दिलेल्या शुभवर्तमानातच ठेवतोय. लवकर कळवा.