मामाच्या गावाऐवजी

२ मे, शुक्रवार

गल्लीत आज तिसऱ्या घराला कुलूप लागलं. निकाल लागला की सगळे मामाच्या गावाला. समोरच्या मोतीबाईंच्या नाती पिशव्या घेऊन ऑटोत बसल्या तेव्हा छकू दारात उभी. सहा वर्षांची. मला विचारते, "आपला मामा कुठंय?"

मी तोंड उघडायच्या आत दिपाच म्हणाली, "आपल्याला मामा न्हाई."

दिपा नऊची. तिला हे मीच सांगितलंय, ती चार वर्षांची असताना. तेव्हा सोपं वाटलं होतं.

मामा आहे. शिवहार. माझा मोठा भाऊ. सेनगावच्या पुढं आमचं गाव, तिथं रान अन् मेंढरं सांभाळून आहे. अकरा वर्षं झाली, बोलणं नाही.

४ मे, रविवार

ठरवलं! सुट्टीत दर रविवारी पोरींना कुठंतरी न्यायचं. खर्च थोडा पाहिजे, अन् शक्यतो ऊन डोक्यावर यायच्या आत घरी. प्रेमदासची, पोरींच्या पप्पांची, वाट बघण्यात अर्थ नाही. ते कूलर दुरुस्त करतात. मे महिन्यात त्यांना जेवायला वेळ मिळाला तरी खूप.

आज रेल्वे स्टेशन. प्लॅटफॉर्म तिकीट काढलं, डब्यात पोहे नेले. अकोल्याकडची गाडी आली तेव्हा छकूनं आधी कान झाकले, मग खिडकीतल्या प्रत्येकाला टाटा केला. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून परत केला. केवढी हसली! दिपानं डबे मोजले, दोनदा. गाडी गेली तरी दोघी उठेनात.

चांगला गेला दिवस.

८ मे, गुरुवार

लग्नसराई. सात ब्लाउज पडलेत शिवायचे. छकूनं सकाळपासून चार वेळा विचारलं — रविवार कधी?

११ मे, रविवार

औंढ्याला गेलो. सहाची एसटी. मला अन् दोघी पोरींनाही अर्धंच तिकीट, तरी छकू माझ्या मांडीवर. नागनाथाचं दर्शन झालं, पुढं बागेत झोपाळे. तोवर सगळं छान होतं.

छकूला तहान लागली. माझी बाटली संपलेली. मी दिपाला झोपाळ्यावरून उतरवते तोवर ही पळाली. बघते तर लिंबाखाली बसलेल्या एका बाईच्या हातातल्या तांब्यानं पाणी पीत होती. मी "अगं, कुणाचं पितेस" म्हणत गेले, अन् बाईनं वर बघितलं.

आई.

केस पार पांढरे झालेत. तिनं मला लगेच ओळखलं. "माले," म्हणाली. दीपमाला माझं नाव, पण माले मला आईशिवाय कुणी म्हणत नाही.

"ही तुही लेक?"

"व्हय. ती पण. मोठी."

तिनं छकूचा गाल धरला. सोडेचना. मला विचारायचं होतं, गुडघे कसेत, कुणाबरोबर आलीस. तेवढ्यात मागून आवाज आला, "आई, चल. जीप लागली."

शिवहारदादा. माझ्याकडं बघितलं, पोरींकडं बघितलं. एक शब्द नाही. आई तांब्या उचलून त्याच्या मागं गेली. मागं वळून बघितलंही नाही.

एसटीत दिपा खिडकीकडं तोंड करून बसली. हिंगोली यायला आली तेव्हा म्हणाली, "कोण होती ती?"

"ओळखीची."

"तो माणूस तिला आई म्हणला. अन् ती तुला माले म्हणली."

मी छकूला मांडीवर सावरून घेतलं.

१२ मे, सोमवार

प्रेमदासला सांगितलं. ते चहा पीत होते, कप खाली ठेवला. "आता लपवू नको. तू न्हाई सांगितलं तर मी सांगतो."

"न्हाई. मीच सांगते."

१३ मे, मंगळवार

सांगितलं. दुपारी, मशीन बंद करून.

दिपानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मामा हाय. अन् तू न्हाई म्हणलीस."

"व्हय. चुकलं माझं."

"काहून बोलत न्हाई तो?"

"पप्पा बंजारा तांड्यावरचे, माझं माहेर मेंढरंवाल्यांचं. आमी लग्न केलं ते त्यांना पटलं न्हाई."

"पप्पांनी काय केलं होतं?"

"काही न्हाई केलं."

"मग?"

मी तिला आबांचंही सांगितलं — माझे वडील वारले तर मला चौथ्या दिवशी बाजारात कळलं, परक्या माणसाकडून. घरात कर्ता माणूस दादाच. कळवायचं नाही हे त्यानंच ठरवलं असणार. ते सांगताना माझा आवाज चढला. चढायला नको होता.

छकू मधेच, "त्याच्याकडं लहान पिल्लं हायेत का?"

दिपा रडली नाही. जेवलीही नाही.

१८ मे, रविवार

सिद्धेश्वरला धरण बघायला जायचं ठरलं होतं. दिपा म्हणाली, "आज जागा मी सांगणार."

"सांग."

"मामाचं गाव."

मी नाही म्हणाले. दोनदा, तीनदा. ती म्हणाली, "मग मी कुठंच येत न्हाई," अन् पप्पांबरोबर दुकानात जाऊन बसली. मी एकट्या छकूला धरणावर नेलं. पाणी खाली गेलंय. छकूनं दोन खडे टाकले अन् म्हणाली, घरी जाऊ.

२० मे, मंगळवार

दिपा कामापुरतं बोलते. मीठ दे. वही कुठंय. बस.

२३ मे, शुक्रवार

मला भीती कसली वाटते? दारातून हाकलतील याची? मला हाकललं तर चालेल. पोरींसमोर नको.

प्रेमदास म्हणाले, "मी येऊ का? दुकान बंद ठेवतो एक दिवस."

"तुमी नका. आधी मी बघून येते."

मान हलवली त्यांनी. वाईट वाटलं असणार. चपला घालून दुकानाकडं निघाले.

२५ मे, रविवार

जाऊन आलो.

सेनगावपर्यंत एसटी, पुढं जीप. फाट्यापासून चालत. वाटेत दिपानं माझा हात धरला — बारा दिवसांनी! गावात शिरताना मी पदर डोक्यावर घेतला.

दादा अंगणात मेंढरांना पाणी पाजत होता. आम्हाला बघून बादली हातातच राहिली. या म्हणाला नाही. जा म्हणाला नाही.

दिपा सरळ त्याच्यापुढं गेली. "मामा, मी दिपा. ही छकू."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग घराकडं तोंड करून ओरडला, "आई! लेकरं आलीत. पाणी आण."

लेकरं आलीत. माझं नाव नाही.

आईनं भाकरी टाकल्या, सोबत ठेचा अन् दही. पोरी पोटभर जेवल्या. दादानं छकूला आठ दिवसांचं कोकरू उचलून दिलं, कसं धरायचं ते शिकवलं. हसलाही तिच्याबरोबर. मी उंबऱ्याशी बसले होते, माझ्या अंगावरून दोन वेळा गेला. एकदाही थांबला नाही. निघताना फक्त, "चारची शेवटची जीप हाय." तेही दिपाला.

आई फाट्यापर्यंत आली. दिपानं तिला आमचा पत्ता कागदावर लिहून दिला, मग विचारलं, "आजी, मामा आमच्या संगट बोलतो. आईशीच काहून बोलत न्हाई? लई दुष्ट हाय का तो?"

आईनं कागद कमरेला खोचला. जीप आली तशी छकूला उचलून आत बसवलं.

छकूच्या मते सगळ्यात भारी रविवार हाच. मी घरी येऊन मोरीत तोंड धुतलं, बराच वेळ.

१ जून, रविवार

सकाळी नवाला दारात आई! एकटी. हातात पिशवी अन् दिपाचा कागद. विचारत विचारत आलेली. पाणी प्यायच्या आधी उंबऱ्यावरच बोलली, "माले, पोरीनं त्याला दुष्ट म्हणलं ते मला सहन झालं न्हाई. शिवहारचं काही न्हाई त्यात. मी त्याला शप्पत घातली व्हती, तिच्याशी बोललास तर माझं मेलेलं तोंड बघशील. आबा गेले तवा तो निघाला व्हता तुला आणायला. मीच दारात आडवी पडले. आज सकाळी त्याला सांगून आले, शप्पत सोडली म्हणून."

मी तिला आत घेतलं. पोरींनी तिला पाणी दिलं. मी आईकडून नंबर घेतला अन् बाहेर येऊन दादाला फोन लावला.

"दादा."

पलीकडं मेंढरं ओरडत होती.

"आईनं सांगितलं?"

"व्हय."

"मंग पोरींला घिऊन ये," म्हणाला. "अन् पाव्हण्यालाबी आण."