सुमेधाचा लेख आणि माझा गुडघा

पंचवटी, श्रावणातला मंगळवार, २००४

आज शेजारच्या सिंधूच्या सुनेच्या मंगळागौरीला गेले आणि स्वतःच्याच तोंडाने अडकले. बाकीच्या फुगड्या घालत होत्या, मी आपली गुडघा धरून खुर्चीत. बसल्या बसल्या नातीचं कौतुक सांगितलं. आमची सुमेधा हाडांची डॉक्टर, तिने गुडघ्यावर लेख लिहिला, आता परदेशातले डॉक्टरसुद्धा आपल्या लेखात तिचं नाव घालतात. इतका आनंद झालाय मला, काय सांगू. तर सिंधू म्हणाली, "मग काकू, तुमचा गुडघा अजून तसाच कसा?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी बोलून गेले, "करतेय ना ऑपरेशन, दिवाळीआधी."

किती दिवस टाळत होते. आता नाही म्हटलं तर पोरीचंच नाव खाली जाईल. पण गुडघा कापायचा म्हणजे... तो काय भोपळा आहे?

संध्याकाळी सुमेधाला सांगितलं. खूश झाली. मग म्हणते, "आजी, मी नाही करणार. घरच्या माणसावर माझा हात थरथरेल. आमचे सर करतील."

मी तर तिच्या हाताच्या भरवशावर बोलले होते. विचारलं, "त्या सरांनी तुझा लेख वाचलाय का?"

"वाचलाय गं."

"मग उद्या घरी बोलव त्यांना. चहा देते, आणि सगळा लेख तोंडपाठ म्हणून दाखवायला लावते."