उपाशी दगड

मंगळवार, दिवेलागणीनंतर

माशांसाठी नवीन लावलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत आज पहिल्यांदा अमोनिया दिसला. टेस्टच्या नळीतलं पाणी रोज पिवळंच राहायचं, आज हिरवट झालं. म्हणजे आत काहीतरी कुजतंय. आता त्यावर जगणारे जिवाणू वाढतील, आणि मगच मासा आणता येईल. पण समुद्रातला एक 'लाइव्ह रॉक' ठेवला तेवढाच, कुजायला मी तर काही टाकलंच नव्हतं. मारतहळ्ळीचा दुकानदार "सर, स्वल्प टाइम कोडी", थोडा वेळ द्या, म्हणाला, म्हणून नुसता वाट बघत होतो.

मग वास आला. जवळ्याचा. वाटलं स्वयंपाकघरातून येतोय, पण येत होता टाकीतून.

आईला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "तूच म्हणालास ना, हा दगड जिवंत आहे? मग उपाशी कसा ठेवायचा? समुद्रातला आहे म्हणून चिमूटभर जवळा घालते रोज."

चिडायला हवं होतं का मी? 'लाइव्ह रॉक'चं मराठी मीच केलं होतं, तेही घाईघाईत. जिवंत असतात ते दगडावरचे जिवाणू, हे सांगायचं राहूनच गेलं. आणि टाकीला नेमकं हे जवळ्याचं कुजणंच हवं होतं.

रत्नागिरीहून आल्यापासून आई परतीच्या गाडीचं विचारतेय. इथे बोलायला कोणी नाही म्हणते. आज मीच विचारलं, तिकीट काढू का?

दगडाकडे बघत म्हणाली, "राहू दे इतक्यात. याला खायला कोण घालील?"

जवळ्याचा वास अजून येतोय. खिडकी उघडायला उठलो होतो, तसाच परत बसलो.