ओ ऐकू न येणारं दार

नाना, दारावर दोन थापा मारायची तुमची ती पद्धत धुळ्यात साफ फेल गेली. आधी हेच सांगतो, कारण डोकं फिरलंय आणि ज्याच्यावर चिडावं असा प्रत्येक माणूस माझ्यापेक्षा मोठा आहे. शेठवर चिडलो तर काम जातं, दुकानातल्या भाऊंवर चिडलो तर नोकरी जाते, आईवर चिडलो तर जेवण जातं. राहिलात तुम्ही. तुम्ही गेलात तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं, त्यामुळे बापावर चिडायचं माझं राहूनच गेलंय. आणि हे कागद कुलपाच्या खोक्यातले आहेत, असं बघू नका. भोकं कुठे पाडायची ते दाखवायला प्रत्येक कुलपाबरोबर एक छापील कागद येतो. आगीच्या दाराला तो लागतच नाही, त्याची भोकं कारखान्यातूनच पडून येतात, आपण एकही जास्तीचं पाडायचं नसतं. म्हणून माझ्याकडे पाठकोरे कागद भरपूर साठलेत.

तुम्हाला मी काय करतो ते माहीत नाही. दहावी ढकलत ढकलत झाली, आयटीआय अर्ध्यात सोडलं, पिंप्राळ्यात खोली घेतली आणि जळगावात दारांच्या कुलपांच्या दुकानात लागलो. मालकांना आम्ही भाऊ म्हणतो. भाऊंचं म्हणणं, याला शिकायचा कंटाळा आहे पण तोंड चालतं, म्हणून मोठ्या बिल्डिंगांच्या कामाला मलाच पाठवतात. आगीचं दार म्हणजे जाड पत्र्याचं, पोटात भरणी केलेलं, कडेला एक पट्टी असते ती तापली की फुगते आणि फट बुजवते. पलीकडची आग पलीकडेच राहते. पण दार टिकलं आणि कुलूप वितळलं तर जीभ सटकते, दार उघडतं, आणि मग एवढ्या महाग दाराचा उपयोग कपडे वाळवायला. म्हणून कुलूपही त्या दाराबरोबर भट्टीत तपासलेलं लागतं, पोलादी पोटाचं. बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, आतून मात्र नुसतं हँडल दाबलं की उघडतं. किल्ली नको, बोटाचा ठसा नको, कोणाला विचारायला नको. चोर बाहेर, आग बाहेर, आणि आतल्या माणसाला वाट. एवढं साधं आहे नाना, पण हे साधं समजावता समजावता माझी जीभ वितळायची वेळ आली.

धुळ्याच्या शेठचं सोनं तारण ठेवायचं जुनं दुकान. आता त्यांनी बाजारात चार मजली बिल्डिंग बांधली, त्यात तिजोरीची खोली, चारी बाजूंनी काँक्रीट, खिडकी नाही. तिथे एक ताई बसणार. गहाण आलेल्या दागिन्यांचं वजन करणारी, शेठकडे पोरगी असताना लागली आणि आता तिच्या पोराचं लग्न ठरलंय. त्यांच्याकडची पद्धत अशी, की वजन चालू असताना बाहेरून कडी घालायची आणि पितळी कुलूप लावायचं. ते कुलूप शेठच्या आजोबांचं, पहिल्या दुकानाचं. दर लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकू. आता जुन्या दुकानात यात वाईट काही नव्हतं, मी स्वतः पाहिलंय. तिथली वजनाची खोली म्हणजे कमरेएवढी भिंत आणि वर जाळी. ताई आत बसून सगळ्या बाजाराशी गप्पा मारायची, चहा जाळीतून आत जायचा. तिला कोंडलंय असं तिलाही वाटायचं नाही.

नव्या खोलीचं कुलूप निवडायला तिघं बसलो. शेठला पितळी कुलूपच पाहिजे. त्यांच्या मुलाला बोट लावून उघडणारं पाहिजे, मोबाइलवर बघून मागवलेलं. मी विचारलं, "लाईट गेल्यावर हे उघडं राहतं की बंद राहतं?" तो म्हणाला, "लाईट कशाला जाईल?" धुळ्यात राहून! मग माझ्यातलं जे वाईट आहे ते जागं झालं. मी म्हटलं, "याला बोटापेक्षा कोपर चांगलं चालतं, कोपराची रेष कोणाला चोरता येत नाही." तो बिचारा शर्टाची बाही वर करून कोपर घासत उभा राहिला आणि पेंटर लोक शिडीवरून पडायचे बाकी राहिले. त्याच्या आदल्या दिवशी मी गवंड्याच्या डब्यालाच कुलूप लावून किल्ली त्याच्याच खिशात टाकली होती. हे सांगायचं कारण पुढे येतं. माझ्यावर त्या बिल्डिंगमध्ये कोणाचा विश्वास राहिला नव्हता.

तरी मी आमचं तपासलेलं कुलूप बसवून आलो. पुढच्या खेपेला एसटीतून उतरून वर गेलो तर दारावर बाहेरून कडी! शेठनी वेल्डर बोलावून आरपार बोल्ट मारून घेतली होती. माझं डोकंच आउट झालं. म्हटलं, "शेठ, दाराला भोक पाडलंत, आता हे आगीचं दार राहिलं नाही. आणि कडीला कुलूप घातलंत तर आतलं हँडल दाबून ताई काय करेल?"

"अरे बाबा, आवाज देईल ना ती," शेठ म्हणाले. "मी बाहेरच गादीवर असतो. आवाज आला की उघडलं. इतकी वर्षं काय करतोय आम्ही?"

आणि नाना, इथे मी गप्प बसलो. मी गप्प बसलो, मी! कारण हे तर तुमचंच. अमळनेरच्या जिनिंगला तुम्ही वॉचमन, संध्याकाळी कापसाच्या गोदामाचं दार ओढायचे, दोन थापा मारायचे आणि विचारायचे, "मझार कोणी शे का?" मझार म्हणजे आत, शे म्हणजे आहे, हे मला आता जळगावच्या शहरी पोरांना सांगावं लागतं. सगळे बाहेर पडलेले स्वतः पाहिले असले तरी विचारायचे. थांबायचे. मग कुलूप. एकदा मी ढिगामागे लपलोय. तुम्ही थापा मारताय, विचारताय, आणि हसू बाहेर येऊ नये म्हणून मी तोंडात कापूस कोंबलाय. ओ दिली नाही. आता बाप वैतागून निघून जाईल, मग मी मागच्या मोरीतून बाहेर पडून आधी घरी पोचेन, असा बेत. पण तुम्ही गेलाच नाहीत. फटीतून दिसतंय, दारात बसलात, उघडं कुलूप हातात. गेटवरचा माणूस ओरडतो, "नाना, घर नई का तुमले?" तुम्ही म्हणता, "पोरगं बाहेर दिसनं नई." बसून राहिलात. शेवटी मलाच भूक लागली आणि मी बाहेर आलो, दाढीवाल्या म्हाताऱ्यासारखा तोंडाला कापूस लागलेला. तुम्ही हसला नाहीत. कान पिळलात. "हाक मारी ते ओ देता येस नई का रे तुले?" एवढंच.

त्यामुळे शेठ आवाजाचं म्हणाले तेव्हा मला वाटलं, बरोबर असेल. हाक आणि ओ, एवढ्यावर तुम्ही सगळी नोकरी काढली. मी म्हटलं, बघूनच घेऊ. "शेठ, मी आत जातो. कडी घाला, कुलूप लावा. थाप मारून विचारा, आत कोणी आहे का. मी ओ देतो, मग उघडा." ओ ऐकू आली नाही तरी उघडा, हे सांगायचं राहिलं. सुचलंच नाही.

दार लागलं. मी थापेची वाट बघतोय. थाप येईना. मला वाटलं शेठ फोनवर असतील. मग मीच ओरडलो. त्या दाराला ती कडेची पट्टी, चारी बाजूंनी काँक्रीट, माझा आवाज माझ्याच अंगावर परत आला. हँडल दाबलं तर आमच्या कुलपाची जीभ लोण्यासारखी आत गेली, दार मात्र बाहेरच्या कडीला अडकलेलं. आपणच निवडलेलं कुलूप इतकं चांगलं चालतंय आणि त्याचा काडीचा उपयोग नाही, हे बघत उभं राहणं काय असतं ते तुम्हाला सांगता येत नाही. फोनला रेंज नाही. लाथा मारल्या. तेवढ्यात लाईट गेली. अंधारात मला आग दिसली नाही, धूर दिसला नाही, ताई दिसली. तराजू आवरून ठेवेल, मग आवाज देईल, शेठ आहेतच बाहेर म्हणून थोडा वेळ वाट बघेल.

बाहेर काय झालं ते पेंटरने नंतर सांगितलं. शेठनी थापा मारल्या होत्या. विचारलंही होतं. कान लावला, आतून काही नाही. शेठ म्हणाले, "कोपरवाला नाटक करतोय. बसू दे जरा," आणि चहाला गेले.

उघडलं शेठच्या आईने. माँजी नव्या दाराच्या कुलपाला हळद लावायला वर आल्या होत्या, किल्ल्यांचा एक जुडगा त्यांच्याही कमरेला, हळदीसाठी त्यांनी कुलूप काढलं. दार उघडताच मी जवळजवळ त्यांच्या पायांवर पडलो. "अगं बाई, यात माणूस होता?" त्या म्हणाल्या. "मग आवाज का नाही दिलास?"

माझा घसा इतका बसला होता की उत्तरसुद्धा निघालं नाही. नुसती शिट्टी वाजल्यासारखं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. शेठ चहा पिऊन वर आले तसे हसायला लागले, "काय रे, संपलं नाटक?" माँजींनी किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या आणि लाईट नसलेल्या त्या खोलीत स्वतः आत गेल्या.

"लाव," म्हणाल्या. "मी आवाज देते."

"माँ, काय हे!"

"लाव ना. तू बाहेरच आहेस."

शेठनी दार ओढलं. कडी घातली. पितळी कुलूप हातात घेतलं, आणि हात थांबला. उघडं कुलूप धरून तो माणूस तसाच उभा. मी तिथे अमळनेरला होतो नाना, ढिगामागे. शेठनी थाप मारली नाही की काही नाही, कडी काढली आणि कुलूप खिशात घातलं.

हे इथे संपलं असतं तर मी तुम्हाला लिहिलंच नसतं. दुसऱ्या दिवशी शेठ म्हणतात, "कडी काढतो, भोकं पुट्टी भरून बुजवून टाक." दारवाली कंपनी म्हणते, पल्ला, म्हणजे अख्खं फिरतं दारच, बदलावा लागेल. भाऊ म्हणतात, "तू साइटवर असताना भोकं पडलीच कशी?" साइटवर मी नव्हतोच, हे तीन वेळा सांगितलं, पण कोपराची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. मी म्हणेन ते खरं मानायचं नाही असं ठरलेलं. शेवटी माँजींनीच मुलाला सांगितलं, पल्ला बदल. शेठनी बदलायला दिलाय, पण माझ्याशी बोलत नाहीत. पितळी कुलूप आता खाली रस्त्यावरच्या शटरला लागणार, पूजा तिथे होणार. ताई नवीन हँडल दाबून बघायला आली आणि म्हणाली, "हे बरं आहे, मला चहाला स्वतःच बाहेर येता येईल."

उद्या नवा पल्ला लागतो. त्याच्या कुलपाच्या खोक्यातलाच हा शेवटचा कागद, पोस्टात टाकणार कुठे, घडी करून हत्यारांच्या पेटीत ठेवतोय. एक तेवढं राहिलं. पेंटर लोक विचारतात, आत काय ओरडत होतास? मी सांगितलं, शेठला शिव्या देत होतो, आणि सगळे खूश झाले. शिव्या दिल्या नाहीत मी. लाईट गेल्यावर शेठही आठवले नाहीत, भाऊही नाही. घसा बसेपर्यंत एकच ओरडत होतो. नाना, मी शे. मी मझार शे.