निघाल्याची वेळ

प्रिय खारुताई,

आधी बातमी. तू मेलीस. निदान आपल्या गावच्या संग्रहालयात तरी तू चौदा महिन्यांपूर्वीच मेलीस आणि तेव्हापासून वरच्या मजल्यावर फिरतेस. हसू नकोस, माझं डोकं जाम तापलंय.

झालं असं, की दादाचं लग्न झालं आणि घरात वहिनी आली. तिला भुतांची भारी हौस. रविवारी दुपारी मागेच लागली, भावजी, ते झपाटलेलं संग्रहालय दाखवाच. मी म्हटलं, तिथे फुटकी मडकी, गंजलेल्या तलवारी आणि बंद पडलेलं छपाईयंत्र, बाकी काही नाही. ऐकते कोण! तिकिटाच्या रांगेतच तिने मला अख्खी कथा ऐकवली. एक मुलगी प्रियकराबरोबर आत गेली ती बाहेर आलीच नाही. पांढरा झगा, मोकळे केस. दाराजवळच्या नोंदवहीत तिची आल्याची वेळ आहे, निघाल्याची नाही. म्हणून म्हातारा चौकीदार रोज कुलूप लावण्याआधी वर जाऊन तिला हाक मारतो म्हणे.

ती नोंदवही आता बघायला मिळते. ते पान लोकांच्या बोटांनी पार मळलंय. आणि त्यावर तुझं अक्षर! खारीच्या शेपटीसारखी वर उडवलेली ती वेलांटी, जिच्यावरून मी तुला हे नाव ठेवलं. आल्याची वेळ तीन चाळीस. पुढचा रकाना कोरा. वरच्या ओळीत मी, आलो तीन चाळीसला, निघालो पाचला. मला आयुष्यात काही पूर्ण करता येत नाही असं तूच म्हणाली होतीस ना? बघ, माझी ओळ पूर्ण आहे.

मग मी जो सुटलो! भर दालनात ओरडलो, की ही मुलगी जिवंत आहे, परगावी नोकरी करते, झगाबिगा काही नव्हता, निळा शर्ट होता, आणि केस मोकळे सोडायचा तिला कंटाळा आहे! सगळे वळून बघायला लागले. वहिनीने दंडाला चिमटा काढून हळूच विचारलं, भावजी, तुम्हाला हो कसं माहीत?

काय सांगणार? कॉलेज सोडल्याचं मी तुला त्या छपाईयंत्रापाशीच सांगितलं होतं. सरांशी भांडून वर्गातून निघालो, ते परत गेलोच नाही. वाटलं होतं, तू म्हणशील, बरं केलंस. तू म्हणालीस, अर्ध्यावर सोडायची तुला सवयच आहे, उद्या मलाही सोडशील. त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल. तू मागच्या जिन्याने उतरून गेलीस. मी बाकावर फुगून बसलो. येईल झक मारत, असं वाटत होतं, कारण तुझी पर्स माझ्या खांद्याला होती. पाचला दारात चौकीदाराने विचारलं, बरोबरची मुलगी कुठे? मी म्हटलं, असेल आत, मला काय विचारता? आणि सही ठोकून चालता झालो.

परवा माझा आरडाओरडा ऐकून तोच चौकीदार आला. चष्मा चढवून मला न्याहाळलं आणि म्हणाला, तूच ना रे तो, 'असेल आत'वाला? मी त्यालाही सोडलं नाही. चांगल्या पोरीचं भूत करता, लाज नाही वाटत? त्याने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, भूतबीत लोकांचं, बाळा. मी त्या संध्याकाळी सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या, कपाटांमागेसुद्धा बघितलं. शेवटी मागचं दार उघडं दिसलं. तेव्हापासून एकच डोक्यात आहे. बसचा संप होता त्या दिवशी. पोरगी घरी नीट पोचली ना?

खारुताई, शर्टाचा रंग माहीत असलेला मी! पर्स दुसऱ्या दिवशी माझ्या ताईच्या हाती पाठवली, तीही आत चार जळजळीत ओळींची चिठ्ठी कोंबून. संप, खिशात दमडी नाही, पुलापलीकडचं तुझं घर. यातलं एकही अक्षर त्या चिठ्ठीत नव्हतं. तो परका माणूस चौदा महिने जे विचारत होता, ते मी एकदाही विचारलं नाही.

चौकीदारकाका या महिनाअखेर निवृत्त होतात. मी पेन उचललं, म्हटलं, टाकतो काहीतरी वेळ, मिटवा एकदाचं. त्यांनी वहीवर हात ठेवला. ज्याची वेळ त्यानेच सांगायची, नाहीतर रकाना कोरा राहील, म्हणाले. म्हणून हे पत्र. सोबत संग्रहालयाचा पत्ता घातलेलं कार्ड आहे, त्यांना फक्त वेळ कळव. परत ये वगैरे मी म्हणत नाहीये. म्हणजे म्हणायचंय, पण ते राहू दे. त्या दिवशी तू किती वाजता निघालीस, ते त्यांना पुरेल. घरी कशी पोचलीस, ते मात्र मला लिही. शिव्या घालून लिहिलंस तरी चालेल.

तुझाच (हे खोडणार होतो, नाही खोडत),
भडका