रेखीव कान, पुसट डोळे

प्रिय भिंगरी,

अक्षर अनोळखी दिसलं म्हणून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहोत. आजवर पत्र मी सांगायची आणि तुझा बाबा लिहायचा. या वेळी त्याला बाजूला ठेवलंय, कारण पत्र त्याच्याविषयीच आहे, आणि चोरालाच पहाऱ्यावर बसवण्याइतकी मी अजून म्हातारी झालेले नाही. हे अक्षर आपल्या फोटो स्टुडिओशेजारच्या तसबिरींच्या फ्रेमवालीचं. तिच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा कापायच्या टेबलावर कागद पसरून आम्ही दोघी बसलोय. बाबाला सांगून आलेय, चष्म्याची काडी ढिली झालीय, बसवून आणते. बाईला बजावलंय की मी बोलेन तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. त्यावर म्हणते, आजी, स्वल्पविराम तरी माझे घालू द्या. घाल म्हटलं. पण संपल्यावर दोनदा वाचून घेणार आहे, एकदा लगेच आणि एकदा चहानंतर, आणि दोन्ही वेळा सारखंच आलं तरच पाकीट चिकटवणार. हसू नकोस. वाचून दाखवणाऱ्या माणसावरचा माझा विश्वास का उडाला, ते कळेलच तुला.

तुझा बाबा माझ्यापासून काहीतरी लपवतोय हे मला वर्षभरापूर्वीच जाणवलं होतं. सगळं त्या कॅमेऱ्यापासून सुरू झालं. तुला ठाऊकच आहे, आजूबाजूच्या सगळ्यांनी डिजिटल घेतले. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवालासुद्धा आता पाच मिनिटांत फोटो काढून हातात देतो, आणि आपल्याकडे माणसं अजून ‘परवा या’ हे ऐकून तोंड वाकडं करतात. मी बाबाच्या मागे लागले, घे बाबा एक. तोही लगेच हो म्हणाला, आणि तिथेच मला पहिली शंका आली, कारण तुझा बाबा लगेच हो म्हणणाऱ्यांतला नाही. मग दर गुरुवारी अर्धा दिवस स्टुडिओ बंद. कॅमेरे बघायला जातो म्हणायचा, आणि येताना पिशवीभर रंगीत पत्रकं आणायचा. दुपारी जेवणं झाली की मला समोर बसवून वाचून दाखवायचा. याला एवढं भिंग, त्याला तेवढी बॅटरी, याचा दिवाळं काढणारा भाव, त्याचा पुढच्या महिन्यात नवा अवतार येणार, म्हणून थांबू. पुढचा महिना आला की त्याच्याही पुढचा नवा अवतार. लग्नाला उभ्या मुलाने मुली बघत बघत चाळिशी गाठावी तसं चाललं होतं.

आधी वाटलं, चिक्कूपणा. मग वाटलं, स्टुडिओ विकायचा घाट आहे आणि मला सांगायची हिंमत नाही. मग, तुझ्यापासून काय लपवू, वाटलं की गुरुवारी कॅमेरे बघतो की कॅमेरे विकणारी बघतो. तुझी आई जाऊन नऊ वर्षं झाली, माणसाला सोबत हवीशी वाटली तर मी कोण अडवणार, पण मला न सांगता म्हणजे काय? मी त्याचे गुरुवारचे सदरे हुंगले. फ्रेमवाली इथे थांबून माझ्याकडे बघतेय. लिही बाई, हुंगले. वास आला तो फक्त घामाचा. मग एक दिवस कॅमेऱ्याच्या दुकानाचा मालकच फोटो काढून घ्यायला आला, ढेरपोट्या, मिशाळ, तेव्हा ती शंका आपोआप मिटली. पण जाता जाता तो म्हणाला, तुमचा मुलगा येतो, बाकावर बसतो, चहा घेतो, जी हाताला लागतील ती पत्रकं उचलतो आणि जातो. कॅमेरा दाखवू का विचारलं तर हातसुद्धा लावत नाही.

आता तुझ्या पत्रांचं ऐक. तुझी तीन पत्रं आली. तिन्ही त्याने मला वाचून दाखवली. तब्येत बरी आहे, काम बरं चाललंय, इथे फार थंडी आहे, आजीला नमस्कार. पहिल्या पत्राला मी म्हटलं, गुणाची पोर. दुसऱ्याला म्हटलं, थोडक्यात आटोपलं. तिसरं आलं तेव्हा आम्ही दोघं पंख्याखाली बसून घाम पुसत होतो, आणि तुझ्याकडे तरीही फार थंडी! मी पत्र गादीखाली सरकवलं आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही पत्रं फ्रेमवालीकडे नेली. तेव्हा कळलं तू काय लिहिलं होतंस. पहिल्या पगारापासून पैसे बाजूला टाकतेय, बाबा, कॅमेरा माझ्याकडून, कोणता आणि कधी घ्यायचा तेवढं कळवा. हेच तीनदा विचारलंस. आणि तिसऱ्यात रागावून, मुलीच्या पैशाचा कॅमेरा नको असेल तर तसं सरळ सांगा, नवीन मॉडेल येतंय असं फोनवर खोटं सांगू नका. भिंगरे, मला त्यातलं अक्षरसुद्धा माहीत नव्हतं. आणि माझी आता खात्री आहे की त्यालाही नव्हतं.

खात्री कशी झाली ते सांगते. मला अक्षर येत नाही, पण चित्र येतं. एका दुपारी तो वाचत होता, हा काळा, दणकट, पुढे लांब नळी असलेला, आणि त्याच्या हातातल्या पानावर होता साबणाच्या वडीएवढा रुपेरी कॅमेरा. मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. वडीच होती. दुसऱ्या दिवशी मी त्या गठ्ठ्यात पाण्याच्या पंपाचं पत्रक घातलं. रंगीत, गुळगुळीत, वर भला मोठा निळा पंप. तुझ्या बाबाने त्या पंपाच्या भिंगाचं पाव तास कौतुक केलं. भिंग जपानी आहे म्हणाला. अंधारातही चेहरा चांगला टिपतो म्हणाला. मी हूं हूं करत होते, आणि पदर तोंडाशी धरला होता, हसू आलं म्हणून नव्हे.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. अंधाऱ्या खोलीत तर त्याला डोळे कधी लागलेच नाहीत, फिल्म धुणं सगळं बोटांनी आणि मनातल्या मोजणीने. बाहेर कॅमेरा वीस वर्षं एकाच जागी, गिऱ्हाइकाची खुर्ची जमिनीला ठोकलेली, मधलं अंतर तुझ्या आजोबांनी आखून दिलेलं. हात सवयीने चालतात. गिऱ्हाईक पुढे वाकून बसलं की मात्र घात, कारण ते डोळ्यांनीच पकडावं लागतं. दोन वर्षांपासून माझ्याकडे सुधारायला येणाऱ्या निगेटिव्हमध्ये कान रेखीव यायचे आणि डोळे पुसट. नाकाच्या शेंड्याचं तर विचारूच नकोस. मी म्हटलं, कॅमेरा म्हातारा झाला. त्यानेही मान डोलावली, हो ना, भिंग गेलं त्याचं. म्हणून तर नव्या कॅमेऱ्याचा लकडा मी लावला!

आणि तोवर मी काय करत होते, तेही लिही गं बाई, गाळू नकोस. माझी कडक शिसाची पेन्सिल आणि पात्याचं टोक घेऊन मी उजेडाच्या मेजावर बसत होते. बुबुळात पेन्सिलीचा एक ठिपका दिला की फोटोत तिथे चकाकी येते. पात्याने हलकं खरवडलं की पापणी काळीभोर उमटते. पुसट डोळा जिवंत होतो. गिऱ्हाइकं खूश, बाबा खूश, आणि मी तर काय, या वयात हात कापत नाही म्हणून फुशारलेली. एकही फोटो परत आला नाही. आला असता तर दोन वर्षांपूर्वीच कुणीतरी त्याला तोंडावर म्हणालं असतं की बाबा रे, तुला दिसतंय ना नीट? मुलाच्या चुका झाकणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या, त्यांना नावंही ठेवली. मी मात्र पेन्सिलीने इतकं सुबक झाकलं की मलाच दिसलं नाही.

त्याची साखर वाढलेली असते हे तुला माहीत आहे. गोळी घेतो, कधी विसरतो, विचारलं की घेतली म्हणतो. मला वाटलं, साखर म्हणजे पायाला जपायचं. डोळ्यांचं मला कुणी सांगितलं नव्हतं. मग मी डाव टाकला. माझ्या डोळ्यांची तपासणी आहे, चल सोबत, म्हणून त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. माझे दोन्ही डोळे मोतीबिंदू काढून लख्ख झालेले, तपासायला काही शिल्लक नाही, तरी डॉक्टरसमोर बसून इकडे बघा तिकडे बघा सगळं केलं. म्हटलं, आता आत बोलावते यालाही. बाहेर आले तर बाकडं रिकामं. रस्त्याच्या पलीकडे रसाच्या दुकानात जाऊन उभा होता. म्हणे, आत औषधांचा वास सहन होत नाही. आयुष्य रसायनांत हात बुडवून काढलं याने!

तोंडावर विचारावं म्हणशील. विचारलं एकदा, आडून. बाबा, हल्ली वाचताना त्रास होतो का रे? म्हणाला, उजेड कमी आहे इथे, दिवा बदलायला हवा. बदलला दिवा. मग म्हणाला, फार प्रखर झाला. उघडं पाडलं तर तो हसेल, उठून कामाला लागेल आणि उद्यापासून माझ्यासमोर वाचणंच बंद करेल. मला तो माहीत आहे. सातव्या वर्षी हात मोडला होता तेव्हा तीन दिवस डाव्या हाताने जेवला होता, झाडावर चढलो होतो हे कळू नये म्हणून.

परवा फ्रेमवालीला घेऊन तो पत्रकांचा सगळा गठ्ठा पालथा घातला. कॅमेरे, कॅमेरे, माझा पंप, आणि त्यांत घडी घातलेला एक साधा कागद. बाईने मनात वाचला आणि पुन्हा घडी घालायला लागली. मी म्हटलं, थंडीबिंडी काही नको, जे आहे ते वाच. डॉक्टरची चिठ्ठी होती, तुझ्या शहरातल्या मोठ्या नेत्र रुग्णालयाच्या नावाने. साखरेमुळे दोन्ही डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरू लागलंय, उपचार तिथेच होतील. गेलेली नजर परत येईल की नाही सांगता येत नाही, राहिलेली मात्र वाचवता येईल, उशीर करू नये. उशीर करू नये याखाली दोन रेघा आहेत, त्या मलाही वाचता आल्या. तारीख आठ महिन्यांपूर्वीची. म्हणजे हा एकटा जाऊन आला होता. एका गुरुवारी. आणि चिठ्ठी पत्रकांत मिसळली तेव्हा त्याला ती वेगळी ओळखूही आली नाही.

का गेला नाही याचा मी पुष्कळ विचार केला. भीती आहेच. पण मूळ तू आहेस. तुला कळलं तर तू नकाशांचं काम सोडून येशील आणि या कॅमेऱ्यामागे उभी राहशील, हे त्याला नको आहे. तुला शिकायला पाठवलं त्या दिवशी मला म्हणाला होता, आई, आपल्या घरातलं एक माणूस तरी उजेडात काम करू दे. तेव्हा तू मुलीचे पैसे नको म्हणून तो टाळतोय असं मनात धरू नकोस. तुझी पत्रं तो उशाशी ठेवतो. वाचता येत नाही म्हणून हात फिरवतो वरून.

आता हे पत्र का, ते. चिठ्ठी सोबत घातलीय, ती रुग्णालयात दाखव आणि येत्या शनिवारची वेळ घे. मग बुधवारी संध्याकाळी स्टुडिओत फोन कर. डोळ्यांचं अक्षर काढू नकोस, काढलंस तर तो इथून हलणार नाही. त्याला सांग की तुम्ही कळवत नाही म्हणून मीच कॅमेरा पसंत केलाय. दुकानातला सगळ्यात वाईट कॅमेरा निवड. गुलाबी असेल तर उत्तम, पर्समध्ये मावणारा, लहान मुलांच्या खेळण्यासारखा, आणि शनिवारी घेतेय म्हणून ठासून सांग. आठ महिने डॉक्टरचं ऐकलं नाही त्याने, पण त्याच्या स्टुडिओत गुलाबी कॅमेरा? तो शनिवारी पहिल्या गाडीने निघेल, तुला अडवायला. मीही सोबत येईन, नातीचं तोंड बघायचंय म्हणून, आणि पायऱ्यांवर त्याचा दंड धरेन, माझे गुडघे दुखतात असं सांगून. तू स्थानकावर थांब, आणि तिथून आपण दुकानात नाही जायचं. कॅमेरा कोणता, ते उपचार झाल्यावर त्याचा तो सांगेल, आणि कधी, तर तेव्हाच. फक्त एक सांभाळ, पोरी. फोनवर तुझा आवाज भरून आला तर त्याला लगेच कळेल, म्हणून आत्ताच काय रडायचं ते रडून घे. बुधवारी रडू नकोस, भांड. अगदी कडाकडा भांड. तू भांडलीस की तो आजवर घरी बसलेला नाही.

तुझीच, आणि या वेळी अगदी खरं सांगणारी,
आजी